पाइनबरोबर आलेली माती

नाताळ जवळ आला की मुंबई-पुण्याच्या रोपवाटिकांत कुंड्यांमधून एक देखणं झाड मांडलेलं दिसतं. मधोमध सरळ खोड आणि त्याभोवती मजल्या-मजल्यानं फुटलेल्या आडव्या फांद्या. विकणारा सांगतो, ‘साहेब, हा पाइन.’ खरं तर तो पाइन नव्हेच, तो अरोकेरिया. पॅसिफिक महासागरातलं नॉरफोक बेट आणि न्यू कॅलेडोनिया हे त्या कुळाचं एक माहेर. १७७४ साली कॅप्टन कुक तिथं पोचला. ती उंच, सरळसोट झाडं जहाजांच्या डोलकाठ्यांना उपयोगी पडतील असं त्याला वाटलं आणि त्यानं ती पाइनमध्येच जमा केली.

मग खरा पाइन, म्हणजे आपल्या हिमालयातल्या चीडचा भाऊबंद, उष्ण सखल प्रदेशातल्या बागांत का दिसत नाही? ‘त्याला थंडी लागते’ हे उत्तर आपल्याजवळ तयार असतं. पुष्कळ जातींच्या बाबतीत ते खरंही आहे. पण सगळ्याच जातींच्या नाही. कॅरिबियन पाइन क्यूबाच्या पश्चिम भागात, बहामा बेटांवर, बेलीझ, होंडुरास, निकाराग्वामध्ये थेट समुद्रकाठच्या उकाड्यातही रान करून राहतो. क्यूबाजवळच्या एका बेटाचं तर नावच ‘पाइनचं बेट’ असं होतं. १९७८ साली ते बदलून ‘युवकांचं बेट’ असं ठेवण्यात आलं.

क्यूबाच्या पूर्वेला हिस्पॅनिओला बेट आहे. तिथंही पाइनची एक जात आहे. त्याच्याही पूर्वेला पोर्तो रिको. ऊन-पाऊस साधारण तसाच, पण या बेटावर निसर्गतः पाइन नाही. लाकडाची गरज होती, म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वनखात्याच्या लोकांनी तिथं पाइनचं बी पुन्हा पुन्हा पेरून पाहिलं. बी रुजे. रोप वीतभर होई. मग सुयांसारखी पानं पिवळी पडत, वाढ खुंटे आणि रोप मरून जाई. खत घालूनही उपयोग झाला नाही.

या कोड्याचं अर्धं उत्तर जर्मनीत आधीच मिळालेलं होतं. ट्रफल नावाच्या महागड्या भूछत्राची लागवड करता येईल का, याचा शोध घ्यायचं काम प्रशियाच्या सरकारनं आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे सोपवलं होतं. ती लागवड राहिली बाजूला, पण मुळं तपासताना त्याला वेगळंच काही दिसलं. झाडाच्या कोवळ्या मुळांच्या टोकांवर बुरशीनं मोज्यासारखं आवरण घातलेलं होतं आणि झाड आजारी नव्हतं. १८८५ साली त्यानं या जोडीला नाव दिलं मायकोरायझा, म्हणजे बुरशी-मूळ. बुरशीचे धागे जमिनीत दूरवर पसरतात, फॉस्फरस आणि पाणी आणून झाडाला देतात. झाड त्याच्या बदल्यात पानांत तयार झालेली साखर खाली पाठवतं. पावसाळ्यात पाइनच्या तळाशी ज्या छत्र्या उगवतात, त्यांतल्या कितीतरी याच बुरशीच्या असतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियाचे वनप्रमुख केसेल यांनी १९२७ साली आपला अनुभव लिहिला. काही रोपवाटिकांत पाइन पिवळा पडून बसे. पण जिथं पाइन चांगला वाढला आहे तिथली माती आणून मिसळली की तीच रोपं तरारत. म्हणजे मातीत नुसती खनिजं असून भागत नाही, सोबतीही लागतात.

पोर्तो रिकोत हे घडायला १९५५ साल उजाडलं. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिनाहून पाइनखालची माती आणली आणि खुरटलेल्या रोपांच्या मुळाशी घातली. ती रोपं हिरवी होऊन वर निघाली. माती न मिळालेली शेजारची रोपं तशीच रखडली. पुढं साठच्या दशकात शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत वाढवलेली शुद्ध बुरशी कॅरिबियन पाइनला देऊन हेच सिद्ध केलं. आता कळतं की अरोकेरिया आपल्याकडे बिनबोभाट का रुजतो. त्याला लागणारी बुरशी वेगळ्या प्रकारची आहे. आंब्याला आणि ज्वारीलाही त्याच प्रकारची चालते, म्हणून ती आपल्या मातीत मुबलक आहे. पाइनची मंडळी मात्र त्याच्याबरोबरच आणावी लागतात.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. सोबती मिळाले की पाइन आवरत नाही. दक्षिण आफ्रिकेत केप प्रांताच्या डोंगरांवर तो इतका पसरला की ओढ्यांचं पाणी आटू लागलं. १९९५ पासून तिथल्या सरकारनं अशी परकी झाडं तोडण्याची मोठी मोहीम हाती घेतली. परक्या झाडाला जागा देताना पाण्याचा हिशेबही करावा लागतो.

आपल्या कोकणकिनाऱ्यावरचा सुरू पाहून पुष्कळ पर्यटक त्यालाही पाइन समजतात. तोही पाइन नाही. त्याच्या सुया म्हणजे बारीक डहाळ्या असतात. जळणासाठी म्हणून १८६८ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कारवारला त्याची लागवड झाली. वाळूत तो तग धरतो, कारण त्याच्याही मुळांच्या गाठींत एक सोबती राहतो आणि हवेतला नायट्रोजन त्याला पुरवतो. त्या सूक्ष्मजीवाचं नाव फ्रँकिया, त्याच जर्मन शास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ ठेवलेलं.

आणि ‘सुरू’ हा शब्द? तो फारसीतल्या ‘सर्व’वरून आलेला. ‘सर्व’ हे इराणच्या बागांतलं सरळ, शेलाटं झाड. घरात उर्दू शायरी कानांवर पडत आलेल्या माझ्यासारख्याला ते झाड पाहण्याआधी उपमेतूनच ठाऊक होतं, कारण शायर प्रेयसीच्या बांध्याला त्याचंच नाव देतात. शब्द इराणचा, झाडाचा पसारा आग्नेय आशिया ते ऑस्ट्रेलियापर्यंतचा, वाळू कोकणची. पण किनाऱ्यावरच्या कुणाही कोळ्याला विचारा, तो सुरूला परका म्हणणार नाही. दीडशे वर्षं वारा अडवून त्यानं ही ओळख कमावली आहे.

तेव्हा मित्रहो, हौस म्हणून डोंगरावरून पाइनचं रोप आणलंत, तर एवढंच करा. घरी आल्यावर त्याची मुळं धुऊ नका. चिकटून आलेली माती तशीच राहू द्या. आपली माती पुढं त्याला मिळणारच आहे, पण पहिले काही महिने त्याला त्याची स्वतःची लागते.