जाड पिन, बारीक पिन

गिरगावातल्या चाळींत मी वायरमन म्हणून उमेदवारी केली. तारा झाकणारं जुनं लाकडी केसिंग-कॅपिंग उचकटलं की आत सुती वेष्टणाची, रबर चढवलेली तांब्याची तार निघायची. वरच्या दिव्याजवळची तार चिमटीत धरताच रबराचा भुगा व्हायचा. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते करपलेलं असे.

मुंबईत वीज आणि ट्राम चालवणारी कंपनी १९०५ ची, खोपोलीची टाटांची जलविद्युत १९१५ ची. चाळीतल्या खोलीत मात्र कितीतरी वर्षं एक दिवा, फार तर पंखा आणि रेडिओ एवढंच चालायचं. आमच्या धंद्यातला नियमही त्याच मापाचा: दिव्यापंख्यांच्या एका सर्किटवर जास्तीत जास्त दहा पॉइंट आणि ८०० वॅट. दिवा ६०, पंखा ६० आणि पाच अँपिअरचा प्लग अवघा १०० वॅट धरायचा!

हीटर, गिझर यांच्यासाठी पंधरा अँपिअरचा पॉवर पॉइंट वेगळा. त्याची तार जाड, फ्यूज स्वतंत्र. कित्येक गावांत मीटरही निराळं, कारण दिव्याच्या युनिटचा दर वेगळा होता. इंग्रजांकडून आलेल्या गोल पिनांच्या प्लगची रचना मला आजही थोर वाटते. पंधराची जाड पिन पाचाच्या बारीक भोकात शिरतच नाही. लिहितावाचता न येणाऱ्यालाही भिंतच सांगायची, हे इथे लावू नकोस.

मग मिक्सर, फ्रिज, गिझर घरोघर आले, भिंतीतली तार तीच राहिली आणि बाजारात दोन्ही पिना घेणारा मल्टिप्लग आला. दोन हजार वॅटचा गिझर २३० व्होल्टला जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो. पाचाच्या तारेतून नऊ गेले की उष्णता दुपटीच्याही पुढे, तिपटीवर जाते. सॉकेटमधल्या पितळी पट्टीचा ताण मरतो, पकड सैल होते, कडा तपकिरी पडते आणि करपट वास येतो. तोवर किटकॅट फ्यूजमधली बारीक तार वितळून वाचवायची. तीही वारंवार जाते म्हणून लोकांनी तिथे जाड तार पिळली. मग वितळायला भिंतीतलीच तार उरली. आज फ्यूजच्या जागी आलेली एमसीबी सारखी पडते म्हणून सहा अँपिअरच्या जागी बत्तीसची बसवतात, तेही तेच.

नवं घर दाखवताना बिल्डर पॉइंट मोजून दाखवतो. मी विचारतो, बोर्डापासून स्वयंपाकघरात स्वतंत्र तारा किती आल्या, आणि कुठल्या जाडीच्या?