झोलिंजर-एलिसन सहलक्षण

झोलिंजर-एलिसन सहलक्षण हा जठर आणि अंतःस्रावी यंत्रणा या दोहोंशी संबंधित असलेला एक दुर्मीळ विकार आहे. स्वादुपिंडात किंवा ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या भित्तीत उद्भवणारे अर्बुद गॅस्ट्रीन या संप्रेरकाचा अनिर्बंध स्राव करते. त्यामुळे जठरात अम्लाची अतिरिक्त निर्मिती होते व तीव्र, वारंवार उलटणारे पचनज व्रण, दीर्घकालीन अतिसार आणि अन्ननलिकेचा दाह अशी लक्षणे दिसतात. या अर्बुदाला गॅस्ट्रिनोमा असे म्हणतात. दरवर्षी दहा लाख लोकसंख्येमागे सुमारे ०.५ ते ३ नवे रुग्ण आढळतात. विकार कोणत्याही वयात होऊ शकतो. मात्र बहुतेक रुग्ण २० ते ५० वर्षे वयोगटातील असतात.

विकाराची लक्षणे सामान्य आम्लपित्त व पचनज व्रण यांच्या लक्षणांसारखीच असल्यामुळे पहिल्या लक्षणापासून निश्चित निदान होईपर्यंत सरासरी पाच वर्षांहून अधिक काळ लोटतो. बहुसंख्य गॅस्ट्रिनोमा कर्करोगाच्या स्वरूपाचे असल्याने या विलंबाला विशेष महत्त्व आहे.

इतिहास

जठराच्या खालच्या भागाच्या श्लेष्मकलेत अम्लस्रावाला चालना देणारे संप्रेरक असते, असे जॉन सिडनी एडकिन्स या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडले व त्याला गॅस्ट्रीन हे नाव दिले. पुढे हिस्टामीनचा शोध लागल्यावर एडकिन्स यांचा निष्कर्ष अनेक वर्षे संशयास्पद मानला गेला.

१९५५ मध्ये अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाचे शल्यचिकित्सक रॉबर्ट झोलिंजर व एडविन एलिसन यांनी दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोघींच्याही लहान आतड्याच्या मध्यांत्र या भागात व्रण होते, जठरात अम्लाचे प्रमाण कमालीचे वाढलेले होते आणि स्वादुपिंडात इन्शुलीन न स्रवणारी अर्बुदे होती. व्रणांवर वारंवार शस्त्रक्रिया करूनही ते पुन्हा उद्भवत होते. अर्बुदातून स्रवणारा एखादा संप्रेरकसदृश पदार्थ या व्रणांचे मूळ असावा, असा तर्क त्यांनी मांडला. १९६० मध्ये रॉडरिक ग्रेगरी व सहकाऱ्यांनी अशा अर्बुदातून गॅस्ट्रीनसारखा पदार्थ वेगळा केला. ग्रेगरी व हिल्डा ट्रेसी यांनी १९६४ मध्ये शुद्ध गॅस्ट्रीन मिळवल्यामुळे एडकिन्स यांचे मूळ अनुमानही सिद्ध झाले.

कारणे

सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत विकार तुरळक स्वरूपाचा असतो, म्हणजे त्यामागे आनुवंशिक कारण सापडत नाही. उरलेल्या २० ते ३० टक्के रुग्णांत तो बहु-अंतःस्रावी अर्बुदता प्रकार १ या आनुवंशिक विकाराचा भाग असतो. या विकारात अकराव्या गुणसूत्राच्या दीर्घ भुजेवरील, मेनीन नावाच्या प्रथिनाची माहिती वाहून नेणाऱ्या जनुकात दोष असतो. दोष प्रभावी पद्धतीने संक्रमित होत असल्यामुळे बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. अशा रुग्णांत परावटू ग्रंथी, पोष ग्रंथी व स्वादुपिंड यांत अर्बुदे उद्भवतात.

बहुतेक गॅस्ट्रिनोमा एका ठरावीक त्रिकोणी क्षेत्रात सापडतात. पित्ताशयनलिका व मुख्य पित्तनलिका यांचा संगम, ग्रहणीच्या दुसऱ्या व तिसऱ्या भागांचा सांधा आणि स्वादुपिंडाच्या मानेचा व मध्यभागाचा सांधा हे या त्रिकोणाचे तीन बिंदू होत. पूर्वी ही अर्बुदे प्रामुख्याने स्वादुपिंडात असतात असा समज होता. प्रत्यक्षात ग्रहणीतील अर्बुदांचे प्रमाण अधिक असल्याचे पुढे स्पष्ट झाले. ग्रहणीतील अर्बुदे बहुधा एक सेंटीमीटरपेक्षाही लहान असतात व सहज नजरेतून सुटतात.

विकृतिक्रिया

निरोगी व्यक्तीत जठराच्या खालच्या भागातील जी-पेशी अन्नाच्या, विशेषतः प्रथिनांच्या, उपस्थितीत गॅस्ट्रीन स्रवतात. गॅस्ट्रीन हिस्टामीनच्या द्वारे व काही अंशी थेट अम्लस्रावी पेशींना उत्तेजित करते. जठरातील अम्लता वाढली की सोमॅटोस्टॅटीन हे दुसरे संप्रेरक स्रवते व जी-पेशींना आवर घालते. त्यामुळे अम्लनिर्मिती गरजेपुरतीच राहते.

गॅस्ट्रिनोमा या नियंत्रणाला जुमानत नाही. जठर कितीही अम्लयुक्त असले, तरी अर्बुदातून गॅस्ट्रीन स्रवतच राहते. शिवाय गॅस्ट्रीन हे जठराच्या श्लेष्मकलेच्या वाढीसही कारणीभूत असल्यामुळे अम्लस्रावी पेशींची संख्या वाढते, जठराच्या आतील वळ्या जाड होतात आणि उपाशीपोटीही अम्लाचा मोठा प्रवाह चालू राहतो. स्वादुपिंडातून येणारा अल्कधर्मी रस एवढ्या अम्लाचे उदासीनीकरण करण्यास अपुरा पडतो व ग्रहणी आणि मध्यांत्र यांची भित्ती अम्लाच्या थेट माऱ्याखाली येते.

लक्षणे

पोटदुखी : सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत पोटाच्या वरच्या भागात दुखते किंवा जळजळते. वेदनेचे स्वरूप सामान्य पचनज व्रणासारखेच असते. बहुतेक रुग्णांत ग्रहणीच्या पहिल्या भागात एकच व्रण आढळतो. एकाच वेळी अनेक व्रण, दोन सेंटीमीटरपेक्षा मोठे व्रण किंवा ग्रहणीच्या पुढील भागात व मध्यांत्रात व्रण आढळल्यास या विकाराची शंका घेतली जाते.

अतिसार : पोटदुखीइतकेच वारंवार दिसणारे हे लक्षण आहे, काही रुग्णांत ते एकमेव लक्षण असते. त्याची कारणे अनेक आहेत. अम्लरसाचे मोठे आकारमान आतड्यास शोषून घेता येत नाही. तीव्र अम्लतेमुळे मेदाचे पचन करणारे लायपेज हे विकर निष्क्रिय होते, पित्ताम्ले साक्यासारखी खाली बसतात व मेद न पचताच मलातून बाहेर पडतो. आतड्याच्या अस्तरालाही इजा होते. हा अतिसार उपवास केल्यानेही थांबत नाही, मात्र अम्लस्राव रोखणारी औषधे दिल्यावर किंवा नाकावाटे नळी घालून जठरातील रस शोषून घेतल्यावर थांबतो. अन्य कारणांनी होणाऱ्या अतिसारापासून तो वेगळा ओळखण्याची ही एक महत्त्वाची खूण होय.

इतर लक्षणे : छातीत जळजळ, आंबट ढेकर, मळमळ, उलटी, गिळताना त्रास व वजन घटणे ही लक्षणे आढळतात. आनुवंशिक प्रकारात रक्तातील कॅल्शियम वाढल्यामुळे मूतखडे, हाडांचा ठिसूळपणा व थकवा दिसू शकतो. मूतखड्यांचा त्रास असलेल्या रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकांना पचनज व्रण असल्यास आनुवंशिक प्रकाराचा विचार आवश्यक ठरतो.

गुंतागुंत

अम्लाधिक्यामुळे होणारी गुंतागुंत

* रक्तस्राव : व्रणाने रक्तवाहिनी खोदली गेल्यास रक्ताची उलटी होते किंवा डांबरासारखा काळा मल पडतो. सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत असा रक्तस्राव झाल्याचे आढळते. सावकाश होणाऱ्या रक्तस्रावामुळे रक्तक्षय होतो.
* छिद्र पडणे : ग्रहणी किंवा मध्यांत्राच्या भित्तीला आरपार छिद्र पडून आतील द्रव उदरपोकळीत पसरतो व पर्युदरशोथ होतो. पोटात अचानक असह्य वेदना होऊन पोट लाकडासारखे कडक होते. तातडीची शस्त्रक्रिया न झाल्यास ही अवस्था प्राणघातक ठरते.
* मार्गसंकोच : व्रण भरून येताना होणाऱ्या व्रणवस्तूमुळे जठराचे निर्गमद्वार अरुंद होते व अन्न पुढे सरकत नाही. अन्ननलिकेच्या दीर्घकालीन दाहामुळे तिचाही संकोच होतो.
* पोषणाचे विकार : तीव्र अतिसारामुळे निर्जलीभवन होते व रक्तातील पोटॅशियम घटते. अतिअम्लतेत बी-१२ जीवनसत्त्वाचे शोषणही नीट होत नाही.

अर्बुदामुळे होणारी गुंतागुंत

प्रभावी औषधे उपलब्ध झाल्यापासून व्रणामुळे होणारे मृत्यू विरळ झाले आहेत. आता रुग्णाच्या आयुर्मर्यादेवर सर्वाधिक परिणाम अर्बुदाच्या प्रसाराचा होतो. अर्बुद प्रथम लगतच्या लसीका ग्रंथींत व पुढे यकृतात पसरते. क्वचित हाडांतही त्याचे प्रक्षेप आढळतात. यकृतातील प्रक्षेप हे गंभीर लक्षण समजले जाते. काही प्रगत अर्बुदे अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे संप्रेरकही स्रवतात व रुग्णास कुशिंग सहलक्षण होते. आनुवंशिक प्रकारात, दीर्घकाळ वाढलेल्या गॅस्ट्रीनच्या प्रभावाखाली जठराच्या भित्तीत कार्सिनॉइड प्रकारची लहान अर्बुदे निर्माण होऊ शकतात.

निदान

पुढील परिस्थितीत या विकाराची तपासणी करणे उचित मानले जाते : हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग व वेदनाशामक औषधांचा वापर ही दोन्ही नेहमीची कारणे नसताना झालेला व्रण, योग्य उपचारानंतरही न भरणारा किंवा पुन्हा होणारा व्रण, व्रणासोबत दीर्घकालीन अतिसार, जठराच्या जाड वळ्या, आणि बहु-अंतःस्रावी अर्बुदतेचा कौटुंबिक इतिहास.

उपाशीपोटी रक्तातील गॅस्ट्रीनची पातळी मोजणे ही पहिली चाचणी होय. ही पातळी सामान्यतः प्रति मिलिलिटर १०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असते. ती सामान्य मर्यादेच्या दसपटीहून अधिक असेल आणि त्याच वेळी जठररसाचा सामू २ पेक्षा कमी असेल, तर निदान जवळजवळ निश्चित होते. सामू मोजणे अत्यावश्यक आहे. जठराच्या अस्तराचा ऱ्हास झालेल्या रुग्णांत अम्ल निर्माणच होत नसल्यामुळे गॅस्ट्रीन भरपाई म्हणून वाढते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावल्यासही ते वाढते.

सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत गॅस्ट्रीनची वाढ दसपटीपेक्षा कमी असते. अशा वेळी सिक्रेटीन चाचणी करतात. सिक्रेटीन हे संप्रेरक शिरेतून टोचल्यावर निरोगी व्यक्तीत गॅस्ट्रीनची पातळी फारशी वाढत नाही; गॅस्ट्रिनोमा असल्यास ती काही मिनिटांत प्रति मिलिलिटर १२० पिकोग्रॅम किंवा त्याहून अधिक वाढते.

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी प्रोटॉन पंप रोधक औषधे निदानात दुहेरी अडथळा आणतात. एकीकडे ती लक्षणे झाकून टाकतात, तर दुसरीकडे निरोगी व्यक्तीतही गॅस्ट्रीनची पातळी वाढवतात. चाचणीपूर्वी ती काही दिवस थांबवावी लागतात. परंतु झोलिंजर-एलिसन सहलक्षण असलेल्या रुग्णात औषध एकाएकी बंद केल्यास अम्लस्राव उसळून रक्तस्राव होण्याचा किंवा आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. म्हणून औषध थांबवण्याचा निर्णय तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, दुसऱ्या प्रकारच्या अम्लरोधक औषधाचा आधार देऊनच घेतला जातो.

अर्बुदाचे स्थान शोधण्यासाठी सीटी व एमआरआय चित्रण, एंडोस्कोपीद्वारे केलेली स्वनातीत चित्रण तपासणी आणि गॅलियम-६८ या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा वापर करणारे पेट स्कॅन यांचा उपयोग होतो. गॅस्ट्रिनोमाच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटीनची ग्राही केंद्रे मोठ्या संख्येने असतात, या गुणधर्मावर पेट स्कॅनची ही पद्धत आधारलेली आहे. आनुवंशिक प्रकार ओळखण्यासाठी रक्तातील कॅल्शियम, परावटू संप्रेरक व प्रोलॅक्टीन मोजतात आणि जनुकीय चाचणी करतात.

उपचार

अम्लनियंत्रण : १९७० च्या दशकापर्यंत संपूर्ण जठर काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय होता. त्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या सिमेटिडीनमुळे व १९८० च्या दशकाअखेरीस आलेल्या ओमेप्राझोलमुळे या शस्त्रक्रियेची गरज जवळजवळ संपली. सामान्य व्रणासाठी ओमेप्राझोलची मात्रा दररोज २० मिलिग्रॅम पुरते. या विकारात ६० मिलिग्रॅमपासून आरंभ करून अम्लस्राव मोजत ती ठरवतात. केवळ वेदना थांबली म्हणजे अम्ल आटोक्यात आले असे होत नाही. उपचार बहुधा आयुष्यभर चालतात व त्या काळात बी-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम यांच्या पातळीवर लक्ष ठेवावे लागते.

शस्त्रक्रिया : तुरळक प्रकारात, प्रक्षेप पसरलेले नसल्यास, अर्बुद काढून टाकणे हा एकमेव रोगमुक्त करणारा उपाय आहे. ग्रहणी उघडून तिची भित्ती तपासल्यास लहान अर्बुदे सापडण्याचे प्रमाण वाढते. तुरळक प्रकारातील सुमारे एक तृतीयांश रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दहा वर्षांनीही रोगमुक्त राहिल्याचे आढळले आहे. आनुवंशिक प्रकारात अर्बुदे अनेक व सूक्ष्म असल्यामुळे शस्त्रक्रियेने पूर्ण रोगमुक्ती क्वचितच मिळते. ती सहसा दोन सेंटीमीटरपेक्षा मोठ्या अर्बुदांसाठी करतात. अशा रुग्णांत परावटू ग्रंथींवर आधी शस्त्रक्रिया केल्यास कॅल्शियम उतरते व त्याबरोबर गॅस्ट्रीनचा स्रावही कमी होतो.

प्रगत अवस्था : ऑक्ट्रिओटाइड व लॅनरिओटाइड ही सोमॅटोस्टॅटीनसदृश औषधे, एव्हेरोलिमस व सुनिटिनिब ही लक्ष्यवेधी औषधे, रसायनोपचार आणि ल्युटेशियम-१७७ वापरून केलेली किरणोत्सर्गी चिकित्सा हे पर्याय आहेत. भारतात ल्युटेशियम-१७७ तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार केले जाते व भाभा अणुसंशोधन केंद्राच्या परळ, मुंबई येथील रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये या पद्धतीने अंतःस्रावी अर्बुदांवर उपचार होतात.

पूर्वानुमान

अर्बुदाची वाढ बहुधा मंद असते. यकृतात प्रक्षेप नसलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य रुग्ण निदानानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ जगतात. लसीका ग्रंथींपर्यंत मर्यादित प्रसाराचा आयुर्मानावर फारसा परिणाम होत नाही. यकृतात सर्वत्र प्रक्षेप झाल्यास मात्र दहा वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३० टक्के किंवा त्याहून कमी असते. त्यामुळे अर्बुद यकृतात पोहोचण्यापूर्वी निदान होणे, हा रुग्णाचे भवितव्य ठरवणारा सर्वांत महत्त्वाचा घटक मानला जातो.

हे सुद्धा पहा

* पचनज व्रण
* गॅस्ट्रीन
* स्वादुपिंड
* हेलिकोबॅक्टर पायलोरी
* परावटू ग्रंथी