प्रश्नचिन्हांचे सभासद

आमच्या जत तालुक्यात संगणकावर मराठी आली ती डीटीपीवाल्यांच्या हातून. लग्नपत्रिका, यल्लम्मादेवीच्या यात्रेची हँडबिलं, निवडणुकीची पत्रकं. अक्षर कागदावर नीट उमटलं की काम संपलं. आत काय साठतंय याची फिकीर कुणी का करावी? आत साठायची ती इंग्रजी चिन्हंच. श्रीलिपी असो की आकृती, प्रत्येक फॉन्टसंचाने त्या चिन्हांच्या जागा आपापल्या सोयीने बळकावल्या होत्या. फॉन्ट बदलला की ‘सभासद’चा पार चिवडा.

२००३च्या सुमारास मी इथल्या पतसंस्थांसाठी छोटे प्रोग्रॅम लिहायचो. खतावणी, पावत्या, थकबाकीच्या नोटिसा. हत्यार व्हिज्युअल बेसिक ६, १९९८ सालचं. विंडोज २०००पासून युनिकोडची, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेली, देवनागरी मिळू लागली होती. एक्सपीत रिजनल सेटिंगमध्ये खूण करायची, सीडी घालायची, मशीन बंद करून चालू करायचं, की मंगल फॉन्टमध्ये अस्सल मराठी उमटे. नोटपॅडमध्ये झकास. माझ्या प्रोग्रॅमच्या चौकटीत मात्र नाव टाकलं की ओळीने प्रश्नचिन्हं. संखकडचे एक म्हातारे सभासद चाचणीची पावती उलटसुलट करून म्हणाले, “मास्तर, ह्ये माझं नाव हाय का मलाच इचारलेला प्रश्न?”

गंमत अशी की व्हिज्युअल बेसिकच्या पोटात शब्दमाला युनिकोडचीच होती, दर चिन्हाला १६ बिट. पण पडद्यावरची चौकट, फाइल आणि विंडोजला घातलेली साद यांचा व्यवहार जुन्या कोडपेजात, म्हणजे एकेका लिपीपुरत्या चिन्हांच्या कोष्टकात, चाले. मधलं रूपांतर भाषा आपणहून करायची, लिहिणाऱ्याला न विचारता. रशियन, ग्रीक, अरबी, थाई यांना विंडोजने असं कोडपेज दिलं होतं. देवनागरीला दिलंच नाही, ती थेट युनिकोडमध्ये आली. मग जागा न मिळालेल्या प्रत्येक अक्षराच्या बदल्यात एक प्रश्नचिन्ह. ना चूक दाखवायची, ना थांबायचं. तेच फाइलीत गेलं की मूळ नाव कायमचं गेलं.

याची दुसरी बाजू फारशी कुणी सांगत नाही. फॉन्टवाली खोटी मराठी याच रस्त्याने सुखरूप जायची, कारण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी चिन्हंच होती. खरी मराठी मरायची, खोटी तरायची. कचेऱ्यांमध्ये जुने फॉन्ट वर्षानुवर्षं टिकले, त्याचं खापर कारकुनांच्या आळसावर फोडतात. मला ते पटत नाही. अर्धा दोष तरी या गुपचूप रूपांतराचा.

असं रूपांतर भाषेने आपणहून करावं की लिहिणाऱ्याने सांगितल्यावरच, हा वाद बाहेरच्या जगातही चालू होता. सी प्लस प्लस भाषेच्या १९९८च्या मानकात साध्या अक्षरमालेची ‘स्ट्रिंग’ आपोआप होते, उलट जायचं तर ‘सी_स्टर’ असं हाताने लिहावं लागतं. कारण मूळ वस्तू नष्ट झाली तरी तिच्याकडचा पॉइंटर, म्हणजे जागेचा पत्ता, मागे राहू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘सीस्ट्रिंग’ने मात्र ते दारही उघडं ठेवलं. पायथन २ या भाषेने तर कहर केला. बाइटांची माला युनिकोडला जोडली की सगळं ॲस्कीच, म्हणजे नुसती इंग्रजी चिन्हंच, आहे असं धरून चालायचं. इंग्रजी नावांवर चाचणी बिनबोभाट पार, पहिलं मराठी नाव आलं की प्रोग्रॅम कोसळला. डिसेंबर २००८मध्ये आलेल्या पायथन ३ने ही सोय छाटून टाकली. जुने प्रोग्रॅम मोडले म्हणून लोकांनी बोटं मोडली, पण मला तो शहाणपणाचा निर्णय वाटतो.

जतेत अडचण दुहेरी. पूर्वेकडच्या गावांत घरची भाषा कन्नड, तेव्हा नोटीस दोन्ही लिप्यांत हवी. इथे एक जुनी पुण्याई कामी आली. पुण्याच्या सी-डॅकच्या, संगणकावर भारतीय लिप्या आणणाऱ्या जिस्ट कार्डामागची इस्की संकेतप्रणाली, जी १९९१मध्ये भारतीय मानक झाली, तिने ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांना एकच क्रम दिला होता. तो युनिकोडनेही उचलला. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. फरक ८९६. ‘ळ’चाही तेवढाच. पुढे युनिकोड पेलणारी भाषा हाती आल्यावर मी प्रोग्रॅममध्ये मराठी नावासाठी एक क्लास, म्हणजे स्वतंत्र प्रकार, केला, कन्नड नावासाठी दुसरा, आणि मधे ही ८९६ची बेरीज.

बेरीज सोपी, पण ‘डॉ.’वर गाडं अडतं. ‘डॉक्टर’मधल्या अर्धचंद्राच्या कान्यासमोर कन्नडची जागा रिकामी आहे, तिथे नुसता चौकोन येतो. ‘शेतकऱ्याला’मधल्या ‘ऱ्या’चा ‘ऱ’ कन्नडमध्ये वापरातून गेलेल्या जुन्या अक्षरावर जाऊन बसतो. मराठी ‘ए’ थेट दीर्घ ‘ए’वर पडतो, कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ वेगळा असतो, त्याची दाद या बेरजेला नसते. म्हणून हे रूपांतर मी आपोआप होऊ दिलं नाही. कारकुनाने बटण दाबायचं, दोन्ही नावं शेजारी शेजारी बघायची आणि मगच मान्य करायचं. वेळ जातो म्हणून कुरकुर झाली. होऊ दिली.

पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. व्हिज्युअल बेसिक ६चे प्रोग्रॅम मात्र आजच्या विंडोजवरही चालतात. तुमच्या संस्थेत तसा एखादा असेल आणि आता सगळं युनिकोडमध्ये न्यायचं चाललं असेल, तर आधी मूळ फाइलीची जशीच्या तशी प्रत काढा, ती कोणत्या फॉन्टात आहे ते तिच्या नावातच लिहा, आणि मगच रूपांतर करणाऱ्याच्या हाती द्या.