पाटी आणि ऐरण : धातुकामाच्या शालेय शिक्षणाचा मागोवा

सुवर्णकाराच्या घरी पूर्वी विद्यारंभ दोन ठिकाणी होत असे. एक पाटीवर आणि दुसरा ऐरणीजवळ. पाटीवरील विद्यारंभ सुमुहूर्तावर होई. ऐरणीजवळचा केव्हा झाला, हे कोणाच्या ध्यानातही राहत नसे. मुलाने प्रथम शेगडी पेटवावी, वडील फुंकणीने ज्योत कशी वळवितात ते निरखावे, आणि हात स्थिर झाल्यावर मगच त्याच्या हाती चांदी व कालांतराने सोने यावे, असा तो क्रम होता. हे शिक्षण उत्तमच होते. परंतु ते घराच्या उंबऱ्याबाहेर सहसा गेले नाही, आणि घरातही मुलींच्या वाट्यास क्वचितच आले.

आपल्या ज्ञातीचे भूषण नाना शंकरशेट (१८०३–१८६५) यांनी मुंबई इलाख्यात पाटीचा मार्ग सर्वांस मोकळा व्हावा म्हणून केलेले परिश्रम सर्वश्रुत आहेत. ऐरणीस मात्र असे भाग्य लाभावयास विलंब लागला. १८५७ मध्ये मुंबईस सर जे. जे. कलाशाळा निघाली आणि १८९१ मध्ये तिला लॉर्ड रे यांच्या नावाच्या कारागिरीच्या कार्यशाळांची जोड मिळाली. परंतु ही सोय कारागीर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी होती. सामान्य हायस्कुलातील विद्यार्थ्याचा तिच्याशी संबंध नव्हता.

हस्तव्यवसाय हा सर्वांच्याच शिक्षणाचा पाया असावा, हा विचार ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी मांडला. पुढे मुदलियार आयोगाने (१९५२-५३) माध्यमिक शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्यास एक हस्तव्यवसाय असावा अशी शिफारस केली व त्यांच्या यादीत धातुकामाचाही समावेश केला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाचा पुरस्कार केला. तथापि कागदावरील हे धातुकाम दागिन्याच्या नाजूक कामापर्यंत क्वचितच पोहोचले.

याच काळात आपल्या व्यवसायावर मोठा आघात झाला. ९ जानेवारी १९६३ रोजी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास मनाई झाली. असंख्य कारागिरांच्या शेगड्या विझल्या. काहींनी निराशेने जीवनयात्राही संपविली. नियमांत पुढे सवलती मिळाल्या, तरी १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्येच रद्द झाला. दरम्यान अनेक पित्यांनी मुलांना सांगितले की, बाबांनो, शिका आणि नोकरी धरा. त्यांना दोष कोण देईल? पण ज्या विद्येचे घर हेच एकमेव विद्यालय होते, ती घराने सोडताच निराधार झाली. आज मुंबईच्या झवेरी बाजारात बंगाली कारागीर मोठ्या संख्येने आहेत. त्यात विषाद मानण्याचे कारण नाही. ज्याने विद्या जपली त्याच्या हाती ती राहिली.

शाळेत हा विषय शिकवावयाचा तर आरंभ सोन्याने नव्हे, तांब्याने करावा. सोन्याच्या भीतीने नवशिक्याचा हात आखडतो. तांबे त्याला चुकू देते. तांब्याची पट्टी ऐरणीवर ठोकत गेल्यास ती कडक होते आणि अखेर चिरते. तीच मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडविली की पुन्हा मऊ होते. लोहाराचे पोलाद तापवून पाण्यात घातल्यास कडक होते. तांब्याचे याच्या उलट. ठोकल्याने धातूच्या स्फटिकांची रचना विस्कटते व तापविल्याने ती नव्याने जुळते, हे शास्त्र विद्यार्थ्यास आपल्या हाताने कळते. तांबे १०८५ अंशांस वितळते व सोने १०६४ अंशांस. म्हणून तांब्यावर साधलेली आगीची पारख सोन्यासही उपयोगी पडते. सांधा जोडताना टाकणखार का लावावा आणि मूळ धातूच्या आधी डाख का वितळला पाहिजे, हे समजले म्हणजे रसायनशास्त्राचा एक धडाच पूर्ण झाला. मात्र खोलीत हवा खेळती हवी, डोळ्यांस चष्मा हवा आणि कॅडमियमयुक्त डाख सर्वथा वर्ज्य असावा. त्याचा धूर फुप्फुसांस घातक असतो.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सान्निध्यात काम शिकावे, असे सुचविले आहे. ही संधी आपण दवडू नये. आपला संघ दरवर्षी गुणवंतांस शिष्यवृत्त्या देतो, ते उचितच आहे. त्याबरोबर संघाच्या सभागृहात सुटीच्या दिवसांत चार ऐरणी मांडाव्यात. ज्यांच्या हातात अद्याप कला आहे अशा वडीलधाऱ्यांनी तेथे गुरुस्थानी बसावे. आणि कोणत्याही ज्ञातीच्या मुलामुलींस तेथे प्रवेश असावा. त्यांतील प्रत्येकाने सुवर्णकार व्हावे, हा हेतू नाही. घराच्या उंबऱ्यात अडकलेली विद्या एकदा खंडित झाली, हे आपण पाहिले आहे. ती पुन्हा खंडित होऊ नये, एवढीच या लेखामागील तळमळ आहे.