साठ नावांचे कालचक्र

इ. स. १८४ च्या सुमारास, चीनमधील हान साम्राज्याची राजधानी जी लोयांग नगरी, तिच्यातील सरकारी कचेऱ्यांच्या दारांवर पांढऱ्या मातीने लिहिलेली दोन अक्षरे दिसू लागली. प्रांतोप्रांतीच्या कचेऱ्यांवरही तीच अक्षरे उमटली. ते कोणा माणसाचे नाव नव्हते, की कसली मागणी नव्हती. ते एका वर्षाचे नाव होते: ‘ज्या-त्झ’. साठ नावांच्या मालिकेतील हे पहिले नाव. जुने चक्र संपून नवे सुरू होत आहे, तेव्हा हान घराण्याचे दिवस भरले, असा त्या दोन अक्षरांचा अर्थ होता, आणि तो वाचणाराला समजावून सांगावा लागत नव्हता.

या अक्षरांमागे जांग ज्याव नावाचा एक वैदू होता. मंत्राच्या पाण्याने रोग बरे करतो अशी त्याची ख्याती, आणि दुष्काळाने व करांनी गांजलेले लाखो शेतकरी त्याचे अनुयायी. तिसऱ्या महिन्याच्या पाचव्या दिवशी सर्वत्र एकदम उठायचे, असे ठरले होते. परंतु एका शिष्याने फितुरी केली. राजधानीतील मुख्य हस्तकाला रथांना बांधून फाडण्यात आले, हजारावर माणसे मारली गेली आणि उठाव वेळेआधीच करावा लागला. डोक्याला पिवळे फडके गुंडाळलेल्या त्या लोकांचा मोड वर्षअखेरपर्यंत झाला. जांग ज्याव त्याच वर्षी आजाराने मेला. मात्र बंड मोडण्यासाठी ज्या सेनापतींना बळ दिले, तेच पुढे शिरजोर झाले आणि इ. स. २२० मध्ये हान घराणे संपले. पंचांगातल्या एका नावाने एवढे घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण भुकेला मुहूर्त मिळाला तो त्या नावामुळे, हे खरे.

या नावांची घडण अगदी साधी आहे. दहा चिन्हांची एक माळ. तिला चिनी लोक ‘आकाशाची खोडे’ म्हणतात. बारा चिन्हांची दुसरी. त्या ‘पृथ्वीच्या फांद्या’. दोन्ही माळा एकाच वेळी एकेक मणी पुढे सरकवावयाच्या. पहिल्याशी पहिला, दुसऱ्याशी दुसरा, असे दहापर्यंत गेले की खोडे संपतात, फांद्या मात्र दोन उरतात. म्हणून अकराव्या फांदीशी पुन्हा पहिले खोड येते. असे करीत दोन्ही पहिली चिन्हे पुन्हा एकत्र येतात ती साठ पावलांनंतर. दहा आणि बारा यांचा गुणाकार एकशेवीस खरा, पण सम चिन्ह विषमाशी कधीच जुळत नाही. त्यामुळे निम्मी जोडपी मुळातच अस्तित्वात येत नाहीत. उंदीर, बैल, वाघ, ससा ही जी बारा जनावरे आता जगभर ठाऊक आहेत, ती या बारा फांद्यांनाच मागाहून चिकटली. इ. स. १९७५ मध्ये हूबेइ प्रांतात श्वेहूदी येथे छिन काळातील एक कबर उघडली, तीतील बांबूच्या पट्ट्यांवर अशा जनावरांची यादी सापडली आहे. तीत काही जनावरे आजच्याहून निराळी आहेत.

पीतसम्राटाच्या एका मंत्र्याने ही गणना शोधून काढली, असे चिनी परंपरा सांगते. पुरावा मात्र आन्यांग येथील हाडे देतात. शांग घराण्याचे राजे बैलाची हाडे आणि कासवाची कवचे तापवून, पडलेल्या भेगांवरून कौल घेत आणि प्रश्न तेथेच कोरून ठेवीत. या हाडांचे महत्त्व विद्वानांच्या ध्यानी आले ते इ. स. १८९९ मध्ये, १९२८ पासून तेथे पद्धतशीर उत्खनन झाले. इ. स. पूर्व तेराव्या ते अकराव्या शतकांतील या लेखांवर दिवसांची नावे आहेत ती हीच साठ. दहा दिवसांचा त्यांचा आठवडा. तो संपला की पुढचे दहा दिवस अरिष्टावाचून जातील ना, असा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारलेला दिसतो. साम्राज्याच्या धन्यालाही दहा दिवसांपलीकडची खात्री नव्हती! मेलेल्या राजांची नावेही या खोडांवरून पडत आणि त्याच खोडाच्या दिवशी त्यांना बळी देत. आपल्याकडे श्राद्धाची तिथी सांभाळतात, तशातलाच हा प्रकार. काही हाडांवर नुसती साठ नावांचीच उजळणी आहे. अक्षर इतके कच्चे, की कोणा शिकाऊ लेखकाने ती गिरविली असावीत.

दिवसांची ही मोजणी पुढे तुटली नाही. ‘वसंत-शरद वृत्तान्त’ या लू राज्याच्या बखरीत सदतीस सूर्यग्रहणे नोंदली आहेत. त्यांपैकी पहिले मालिकेतील सहाव्या नावाच्या दिवशी झाले, आणि आजच्या गणिताने तो दिवस इ. स. पूर्व ७२०, फेब्रुवारीची २२ तारीख, असा येतो. घराणी बुडाली, महिन्यांचे आरंभ बदलले, पण हे साठांचे रहाटगाडगे आपले फिरतच राहिले. युरोपात पंचांगसुधारणेसाठी १५८२ साली दहा तारखा गाळाव्या लागल्या. येथे तसे काही गाळण्याची वेळच आली नाही.

वर्षांना ही नावे मिळाली ती बऱ्याच उशिरा. आधी चिनी ज्योतिषी गुरूच्या गतीवरून वर्षे ओळखीत. गुरू सुमारे बारा वर्षांत राशिचक्र पुरे करतो. पण बरोबर बारा नव्हे, किंचित कमी. त्यामुळे ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत एक घर चुकते. अखेर गुरूचा नाद सोडून, इ. स. ८५ च्या पंचांगसुधारणेत वर्षांची गणना सरळ या साठ नावांनी चालू झाली. प्रभव, विभव इत्यादी साठ संवत्सरे मोजणाऱ्या मराठी माणसाला हे ओळखीचे वाटेल. आपलीही संवत्सरे बार्हस्पत्य, म्हणजे गुरूचीच. उत्तर भारताने एक संवत्सर मधूनमधून गाळून गुरूशी इमान राखले. महाराष्ट्रासह दक्षिणेने लोप सोडून दिला आणि नावे ओळीने मोजली. एवढ्यावरून कोणी कोणाचे उसने घेतले असे ठरवू नये. मात्र दोन्ही चक्रांची गाठ एके ठिकाणी खरोखर पडली, ती तिबेटात. कालचक्रतंत्राबरोबर भारतीय संवत्सरे तेथे गेली आणि इ. स. १०२७ हे ‘प्रभव’ वर्ष तिबेटी चक्राचा आरंभ ठरले. चीनच्या मोजणीत तेच चौथे वर्ष होते. हे तिनांचे अंतर अजून कायम आहे. शिवराज्याभिषेक शके १५९६, आनंद संवत्सरी झाला. आनंद हे अठ्ठेचाळिसावे, आणि चीनमध्ये त्या वर्षी एक्कावन्नावे नाव चालू होते.

नुसत्या नावाने शतक कळत नाही, हा या पद्धतीचा दोष. म्हणून सम्राटाच्या कारकीर्दीचे नाव जोडावे लागे. तरीही मोठ्या घटना लोकांच्या तोंडी राहिल्या त्या या नावांनीच. जपानशी झालेले १८९४ चे युद्ध ‘ज्या-वू’चे, १८९८ च्या फसलेल्या सुधारणा ‘वू-श्यू’च्या, आणि सम्राटपद उलथणारी १९११ ची क्रांती ‘शिन-हाय’ची. त्या क्रांतीतून आलेल्या प्रजासत्ताकाने १ जानेवारी १९१२ पासून इंग्रजी तारखा स्वीकारल्या. क्रांतीचे नाव मात्र जुन्या पंचांगातलेच राहिले.

कोरिया आणि जपान यांनीही हे चक्र घेतले. आपल्या षष्ट्यब्दीप्रमाणे तेथेही साठ पुरी झालेल्या वृद्धाचा सोहळा करतात. जन्मवर्षाचे नाव परत आले म्हणून जपानात त्याला बाळासारखे तांबडे अंगरखे चढवितात. पण या चक्राची दुसरी बाजूही तेथेच दिसते. त्रेचाळिसावे वर्ष अग्नी आणि घोडा यांचे. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, अशी जपानातील समजूत. १९०६ साली अशा मुलींचे जन्म मागच्या-पुढच्या वर्षांत नोंदविले गेले. १९६५ मध्ये जपानात १८ लाख २३ हजार मुले जन्मली. अग्निघोड्याच्या १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार. आणि लगेच १९६७ मध्ये १९ लाख ३६ हजार. म्हणजे कारखाने व वीजगाड्यांच्या त्या देशात लाखो घरांनी एक वर्ष पाळणा अडवून धरला. आपल्याकडे त्याच वर्षी लागलेल्या संवत्सराचे नाव ‘पराभव’ होते. त्याला भिऊन कोणी असे केल्याचे ऐकिवात नाही. साठ वर्षांनी, २०२६ मध्ये, अग्निघोडा आणि पराभव ही दोन्ही नावे पुन्हा एकाच वर्षी येतात.