सी प्रोग्रॅम मराठी मेसेजची फाइल कुठे शोधतो?

मोबाइलची भाषा मराठी केली, तरी काही ॲप इंग्रजीतच राहतात. अँड्रॉइड ॲपमधली मराठी वाक्यं 'व्हॅल्यूज-एमआर' या फोल्डरमध्ये असतात. तो नसेल तर 'व्हॅल्यूज'मधली मूळ वाक्यं दिसतात. लिनक्सवरच्या सी प्रोग्रॅमसाठी हेच काम 'जीएनयू गेटटेक्स्ट' करतं. इथेही फाइल सापडली नाही तर एरर येत नाही, गुपचूप मूळ इंग्रजी वाक्य दिसतं. म्हणजे कुणी हजार वाक्यांचं भाषांतर केलं आणि फाइल चुकीच्या फोल्डरमध्ये पडली, तर सगळी मेहनत वाया. म्हणून हा शोध नेमका कसा चालतो ते बघू.

फाइलचा पत्ता

भाषांतर करणारा '.पीओ' फाइलमध्ये लिहितो. 'एमएसजीएफएमटी' ही कमांड तिची '.एमओ' फाइल बनवते. प्रोग्रॅम फक्त '.एमओ' वाचतो. समजा प्रोग्रॅमचं नाव 'हॅलो' आहे, तर पत्ता असा:

/यूएसआर/शेअर/लोकेल/एमआर/एलसी_मेसेजेस/हॅलो.एमओ

पत्त्याचे भाग कोण ठरवतं?

- 'बाइंडटेक्स्टडोमेन': सुरुवातीचा फोल्डर, म्हणजे 'लोकेल'पर्यंतचा. इथे पूर्ण पाथच द्या. अर्धवट पाथ दिला आणि प्रोग्रॅमने मध्येच फोल्डर बदलला, तर शोध चुकतो.
- 'टेक्स्टडोमेन': फाइलचं नाव. हे फंक्शन विसरलात तर 'मेसेजेस.एमओ' शोधली जाते.
- 'सेटलोकेल': युजरची भाषा. दुसऱ्या जागी रिकामी स्ट्रिंग दिली की ती सिस्टिमच्या सेटिंगमधून घेतली जाते.

भाषा कशी ठरते?

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल या क्रमाने बघितले जातात: लँग्वेज, एलसी_ऑल, एलसी_मेसेजेस, लँग. 'लँग्वेज'मध्ये 'एमआर:एचआय' अशी यादी देता येते: आधी मराठी, नाही मिळाली तर हिंदी. पण लोकेल 'सी' असेल तर 'लँग्वेज'कडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

लोकेल 'एमआर_आयएन.यूटीएफ-8' असेल तर आधी त्या पूर्ण नावाचा फोल्डर, मग 'एमआर_आयएन', शेवटी नुसता 'एमआर' असा शोध होतो. त्यामुळे मराठी फाइल 'एमआर'मध्ये ठेवली की पुरतं.

तरीही इंग्रजीच दिसतंय?

1. 'लोकेल -ए' चालवा. यादीत मराठी लोकेल नसेल तर 'सेटलोकेल' फेल होतं आणि प्रोग्रॅम 'सी' लोकेलमध्येच राहतो.
2. प्रोग्रॅम 'एसट्रेस'खाली चालवा. तो कोणकोणत्या '.एमओ' फाइल उघडायला गेला, ते ओळीने दिसतं. पत्ता चुकीचा असेल तर तिथेच कळतो.
3. '.एमओ'चं नावच कुठे दिसत नसेल, तर शोध सुरूच झालेला नाही. 'सेटलोकेल' मेसेज छापण्याआधी बोलावलंय का, ते बघा.
4. फाइल उघडते पण एखादंच वाक्य इंग्रजीत राहतं? मग पाथ बरोबर आहे. कोडमधलं वाक्य आणि '.पीओ'मधलं मूळ वाक्य अक्षरशः सारखं आहे का ते तपासा. एका स्पेसचा फरकही चालत नाही.