पगारपत्रकातली एक कपात

सप्टेंबरच्या अखेरीस कॅन्ससमध्ये गाडीने पश्चिमेकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बुटक्या, तांबूस कणसांची शेते लागतात. इथले शेतकरी त्याला 'मायलो' म्हणतात. त्यातले पुष्कळसे गुरांच्या खाद्यात जाते. १९८६ साली मी या राज्यात नोकरीला आलो, तेव्हा पहिल्यांदा असे शेत दिसल्यावर गाडी बाजूला घेतली. बायकोला वाटले, टायर बसला. मी उतरून एक कणीस तळहातावर चोळले. चौदा वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, रेशनच्या दुकानापुढे पिशवी घेऊन मी याच दाण्यांसाठी रांगेत उभा होतो. आम्ही त्याला 'मिलो' म्हणत असू. भाकरी थापताना तुटायची, खाताना घशात अडकायची. आमची आजी म्हणायची, "ही ज्वारी न्हवं, ज्वारीचं भूत हाय."

आपल्या मंडळींपैकी ज्यांचे बालपण दादरला किंवा सदाशिव पेठेत गेले, त्यांना ७२चा दुष्काळ म्हणजे वर्तमानपत्रातली छायाचित्रे आणि महागाईविरुद्धचा लाटणे मोर्चा एवढाच आठवत असेल. ज्यांचे गेले देशावर, त्यांना तारीख सांगावी लागत नाही. १९७० आणि ७१ साली पाऊस कमी झाला होता. १९७२ साली तो जवळजवळ आलाच नाही. त्या वर्षी राज्यातले धान्योत्पादन नेहमीच्या निम्म्याहूनही खाली गेले. विहिरींचे तळ दिसू लागले, बैल मिळेल त्या भावाने विकले गेले. आमच्याकडे अकरा एकर कोरडवाहू जमीन होती, म्हणजे गावाच्या हिशेबाने आम्ही खाऊनपिऊन सुखी. त्या दिवाळीनंतर माझी आई आणि काकू गावाबाहेरच्या सरकारी कामावर चौकड्या खोदायला जाऊ लागल्या. अण्णा पहिले आठ दिवस घरातून बाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी तेही टिकाव घेऊन गेले.

त्या कामाचे सारे चित्र डोळ्यांसमोर आहे. माळावर चुन्याने आखलेले चौकोन, एकेका कुटुंबाने एकेक चौकडी उकरायची, बायकांनी घमेल्यांतून माती उचलून भरावावर टाकायची. संध्याकाळी मुकादम टेप लावून खोली मोजणार आणि मस्टरवर आकडा लिहिणार. खोली मोजताना टेप नेमकी कुठे धरायची, यात मुकादमाची सगळी विद्या होती! पोरांना तिथे सुकडी मिळायची. आम्ही शाळेपेक्षा कामावरच जास्त रमत असू. १९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. आपण इथे शंभर माणसांची सहल ठरवतो तरी जेवणाचा हिशेब चुकतो. ५० लाखांची हजेरी, माप आणि मजुरी म्हणजे काय, याची कल्पना करावी.

पुढे ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञाने या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्याच सुमारास आफ्रिकेतल्या साहेल भागातही दुष्काळ होता. माणशी उपलब्ध धान्य पाहिले तर महाराष्ट्राची स्थिती साहेलपेक्षा वाईट होती. पण तिकडे भूकबळींची रांग लागली आणि इकडे मृत्यूचे प्रमाण फारसे वाढले नाही. याचे कारण मिलो नव्हे. मिलो विकत घेण्यापुरता पैसा मजुरीच्या रूपाने हातात आला, हे होय. सरकार मुकाट्याने उदार झाले असेही नाही. कामे उघडा म्हणून मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे निघत होते आणि त्यांत लुगड्यातल्या बायका पुढे होत्या.

काम देऊन माणसे जगवण्याची कल्पना काही नवी नव्हती. १८७६-७८च्या दुष्काळात इंग्रज सरकारनेही खडी फोडायची कामे काढली होती. मात्र सर रिचर्ड टेंपलने खर्च वाचवायला मजुरी कमी करून माणशी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली. दख्खनच्या हजारो मजुरांनी त्या मजुरीवर काम करायला नकार दिला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. त्या दुष्काळानंतर 'फॅमिन कोड' तयार झाला. १८९६ साली पुन्हा दुष्काळ पडला, तेव्हा टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी हा कायदा मराठीत गावोगाव सांगितला : सरकार भीक घालत नाही, हे त्याने स्वतःच लिहून दिले आहे, ते मागा. पण त्या कोडाला एक अट होती. आधी सरकारने दुष्काळ जाहीर करायचा, मग कामे. माणूस उपाशी आहे की नाही हे कलेक्टर ठरवणार.

ही अट मोडली वि. स. पागे यांनी. पागे १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातल्या विसापूर भागात त्यांनी साठीच्या दशकात हा प्रयोग लहान प्रमाणावर करून पाहिला होता. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी तो उचलला. १९७२ साली रोजगार हमी योजना आली. लगेच दुष्काळी कामांच्या धबडग्यात ती बाजूला पडली आणि दुष्काळ सरल्यावर पुन्हा उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आता दुष्काळ जाहीर होण्याची वाट पाहायची नाही. खेड्यातल्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले की पंधरा दिवसांत ते द्यायचे, नाही दिले तर दिवसाला किमान १ रुपया भत्ता द्यायचा. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांत कायदा गावाला कळला.

आणि पैसा? माझ्या मते खरी बुद्धी इथे आहे. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. नोकरदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळ्यांवर. वाहने, विक्रीकर, बागायती जमीन यांवरही अधिभार आले आणि जमेल तेवढीच रक्कम राज्याने तिजोरीतून घालायची असे ठरले. १९८३ साली मी मुंबईत एका कारखान्यात लागलो, तेव्हा पगारपत्रकात 'पी. टी.' असे लिहून थोडे रुपये कापलेले असत. या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घटनेतच होती. १९८८ साली ती २५०० झाली. आम्ही सगळे कॅन्टीनमध्ये त्या कपातीला शिव्या देत असू. त्याच उन्हाळ्यात गावी गेलो तर आई घरी नव्हती, रोहयोच्या नालाबंडिंगवर गेली होती. मुलगा इंजिनिअर, आणि आई घमेले उचलते! मी रागावलो. ती म्हणाली, "तू पगार घेताना लाजतोस का? मग मी कशाला लाजू?" माझी कपात आणि तिची मजुरी एकाच फंडातली, हे मला कळायला आणखी काही वर्षे गेली. तुमच्यापैकी जे तेव्हा महाराष्ट्रात नोकरी करत होते, त्यांनी जुनी पगारपत्रके काढून पाहावीत. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ साली मंडळाने निधी जमवला, तो आपण मनापासून दिला आणि त्याचा अभिमानही बाळगला. या दुसऱ्या निधीला मात्र आपण न कळत, कुरकुरत पैसे दिले, आणि तो दर उन्हाळ्यात पोचत राहिला.

योजना निर्दोष नव्हती, हे तिच्या प्रेमात पडलेल्यांनीही सांगितले पाहिजे. मस्टरवर मेलेली माणसे हजर असत. कुठेही न जाणारे रस्ते झाले, फोडलेल्या खडीचे ढीग पडून राहिले. बेकारी भत्ता मिळालेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आमच्या गावचा एक मुकादम दर आठवड्याला बायकांच्या मजुरीतून 'चहापाणी' काढून घेई. त्याचे पुढे पक्के घर झाले. १९८८ साली मजुरी किमान वेतनाइतकी, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाली आणि तेव्हापासून कामे मोजून उघडली जाऊ लागली. फंडात पैसा पडून आणि गावात काम नाही, असेही झाले.

काम कशाचे काढायचे हे गावाने ठरवले की निराळेच घडते, हेही याच काळात दिसले. पुण्याचे इंजिनिअर व कारखानदार विलासराव साळुंखे ७२ साली पुरंदर तालुक्यात फिरले, खडी फोडणारी माणसे पाहून अस्वस्थ झाले आणि नायगावला जमीन घेऊन पाणी अडवायला बसले. पाणी पंचायत तिथून निघाली : पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, घरातल्या माणसांवर. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९९० नंतर, पोपटराव पवार सरपंच असताना, रोजगार हमीचाच पैसा डोंगरावरचे चर आणि बांधांसाठी वापरला. राज्याच्या आदर्श गाव योजनेत गाव सामील झाले, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ग्रामसभेने ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरू लागली. तिथे पाऊस आमच्या माणइतकाच तुटपुंजा. पुढे २०१४च्या डिसेंबरात जलयुक्त शिवार योजना आली. तिच्यात पाणी अडले हे खरे, पण नाल्यांत पोकलेन उतरले. पोकलेन झटपट खोदते, मजुरी मात्र डिझेलला जाते.

२००५ साली संसदेने वर्षाला कुटुंबामागे १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला आणि माणच्या माळावरची गोष्ट देशभर गेली. आमच्या तालुक्यात मात्र २०१२-१३ साली पुन्हा दुष्काळ पडला. म्हसवडकडे गुरांच्या चारा छावण्या उभ्या राहिल्या. त्या मार्चमध्ये मी गावी होतो. गावाचा ७३ सालचा पाझर तलाव कोरडा ठणठणीत होता, गाळाने अर्धा भरलेला. खालच्या अंगाच्या दोन विहिरींना मात्र परसभर पाणी होते आणि त्यावर अर्ध्या गावाचे पिणे चालले होते.

आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिला भरावावर चढायचे होते, म्हणून मी आणि पुतण्याने हात धरून वर नेले. तिने खाली पाहिले, बोटाने मोजत मोजत सांडव्याच्या बाजूची तिसरी जागा दाखवली आणि म्हणाली, "ती आमची चौकडी. खाली मुरूम लागला होता, आणि त्या मेल्याने त्याचं जादा माप धरलं नाही."